एका शब्दाची मजुरी

दहा पानांना एक दिरहम.
बोरू माझा, मायफळाची शाई माझी,
चूक झाली तर कागदही माझ्याच पैशांनी.
मी झुरैक, तेलविक्याचा मुलगा,
बगदादेत, कागदवाल्यांच्या गल्लीत.

सबरीशो सांगायचा, मी उतरवायचो.
त्याच्या मांडीवर उंदरांनी कडा कुरतडलेली सुर्यानी पोथी,
आणि पोथीच्या पोटात कुणी यूनानी,
ज्याच्या नावाचं पान केव्हाच गळून गेलेलं.
आम्ही त्याला नुसतं म्हातारा म्हणायचो.

म्हातारा म्हणतो, एक आहे.
मी लिहिलं.
म्हातारा म्हणतो, ‘आहे’सुद्धा म्हणू नका.
मी खोडलं.
खोडल्याचे पैसे मिळत नाहीत.

चाळिसाव्या पानावर सबरीशो अडला.
त्या एकापासून सगळं येतं,
तारे, बुद्धी, जीव, तुझ्या मानेवरचा हा डास,
पण तो देत नाही, घडवत नाही, मनातही आणत नाही.
मग येतं कसं?
‘निर्माण केलं’ लिहू? मी विचारलं.
तो म्हणाला, त्यात हात आले.
‘पाठवलं’?
त्यात वाट आली, अंतर आलं.
‘जन्म दिला’?
त्यानं दाराकडे पाहिलं. हळू बोल.
त्या शब्दापायी माझ्या लोकांची डोकी फुटलीत,
आणि तुझ्याही.

तीन दिवस तीच ओळ.
घरी पीठ संपलेलं.

खाली ओट्यावर जुमाना बसायची,
लोकरीतून गोखरू वेचत.
अंगाला टोचेल तेच पांघरणारी ती अनवाणी माणसं
तिच्याकडून जाडीभरडी लोकर न्यायची,
भाव करायची नाहीत, पैसे द्यायलाही विसरायची.
रात्री ही जायची त्यांच्यात, पहाटे घसा बसवून परतायची.
काय करता गं तिथं?
‘गोखरूच काढतो,’ म्हणायची. ‘शेवटचा तेवढा निघत नाही.’
शेवटचा कुठला?
‘वेचणारी.’

नीसानात वरच्या डोंगरांतलं बर्फ सुटलं.
मध्यरात्री नावाडी गल्लीतून धावत ओरडले,
फाज! दजला फाज!
भरली, काठ सोडून वाहिली!
मी जिना उतरलो तर पाणी गुडघ्यावर,
आणि त्या पाण्यात सबरीशो,
डोक्यावर पोथी धरून, खांबासारखा उभा.
‘ऐकलंस? फैज.
नदीनं ठरवलं नाही. हात नाहीत. अंतर नाही.
भरली म्हणून आली, आणि तिकडे ती
आहे तेवढीच आहे.’
मी म्हटलं, बाबा, आधी वर चल,
माझी दौत वाहून चाललीय.

सकाळी गल्लीभर चिखल.
जुमाना भिजल्या गाठोड्यांवर बसलेली,
पिळायचाही प्रयत्न करत नव्हती.
मी वाळत घातलेल्या पानावरची ओळ तिला वाचून दाखवली.
नव्या शब्दाशी शाई अजून ओली होती.
ती बराच वेळ बोटांतल्या बोटांत काहीतरी चुरत राहिली.
मग म्हणाली,
‘आणि ओसरतं केव्हा?
म्हातारा त्याचं काय म्हणतो?’

ती पानं पुढे होती.
आम्ही पोथी उघडली तेव्हा
मागची सगळी एकमेकांना चिकटून एकच झाली होती.
सबरीशो सुरीचं टोक घेऊन किती तरी दिवस बसला.
जुमाना उन्हाळ्यात कुठेशी गेली;
लोकरवाल्यांना विचारलं तर ते माझ्याकडे असे बघायचे
जणू मीच काहीतरी हरवलं आहे.

चाळीस पानांचे चार दिरहम, भिजलेल्या कागदाचा एक वजा.
तो शब्द आता मशिदीच्या खांबाशी बसून
मोठी माणसं जपून उच्चारतात, मी ऐकतो.
त्या रात्री नावाड्यानं मला पलीकडे सोडलं,
उतराईचे दुप्पट घेतले, पूर आहे म्हणून.
शब्दाचं काहीच मागितलं नाही.